आदल्या दिवशीचा निरोप

"बाई, येणार असतील तर आदल्या दिवशी सांगा. तेवढं एक करा. एकदम येऊन दारात उभं ऱ्हाऊ नका म्हणावं त्यांना. मी दाढी करीन, धुतलेलं धोतर नेसीन, मग बसीन. मत द्यायचं म्हंजे काय शेंगा फोडायच्या हायत व्हय, बसल्या बसल्या?"

आण्णा अंगणवाडीच्या पायरीवर काठी टेकून उभे होते आणि आत माझी पंधरा पोरं 'आजोबा, आजोबा' करत होती. मी म्हटलं, "सांगते आण्णा. आदल्या दिवशी स्वतः येऊन सांगते."

"सोता येऊन?"

"स्वतः येऊन."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आण्णा जाऊनही काळ लोटला. पण तो पायरीवरचा आवाज अजून जसाच्या तसा कानात आहे.

मी तेव्हा कासारतळ्याच्या अंगणवाडीत सेविका होते आणि निवडणूक आली की आमच्या भागाची बीएलओ. म्हणजे मतदारयाद्या तपासायच्या, चिठ्ठ्या वाटायच्या, मेलेल्यांची नावं कमी करायची, नव्या सुनांची घालायची. त्या वर्षी एक काम वाढलं होतं. वयाची पंच्याऐंशी ओलांडलेल्यांना घरबसल्या टपाली मत देता येईल अशी सोय सरकारनं केली होती. आधी फॉर्म भरून द्यायचा. मग ठरल्या दिवशी अधिकारी, पोलीस, कॅमेरावाला अशी पाच-सहा माणसं मतपत्रिका घेऊन दारात येणार. पण एकदा का फॉर्म दिला की यादीत नावापुढे तशी खूण पडते, आणि मग मतदानाच्या दिवशी शाळेत जाऊन मत देता येत नाही. घरी फेरी दोनदाच. दोन्ही वेळा माणूस सापडलं नाही तर विषय संपला. नियमच तसा होता.

आमच्या भागात अशी तीनच माणसं होती. दोघी म्हाताऱ्या खाटेला खिळलेल्या. तिसरे आण्णाप्पा मगदूम, वय सत्त्याऐंशी. गाव त्यांना टपाल आण्णा म्हणे. छत्तीस वर्षं पोस्टमन होते. सात गावांतली घरं न् घरं तोंडपाठ. आमच्या भागातली निम्मी पोरं फौजेत, तेव्हा कुणाचा मुलगा कुठल्या पलटणीत आणि त्याचा पत्ता काय, हे त्या मुलाच्या आईला विचारण्यापेक्षा आण्णांना विचारलेलं बरं असायचं. बासष्ट सालापासून त्यांचं एकही मतदान चुकलं नव्हतं.

फॉर्म भरायला मी गेले तेव्हा ते काही तयार होईनात.

"मला कशाला घरात? पाय हायत की."

"मागच्या खेपेला शाळेच्या पायऱ्यांवर पडला होतात, आण्णा."

"पडलो. पण मत देऊन पडलो."

त्यांची सून सरोजा आतून म्हणाली, "मामंजी, करा की सही. दोन म्हैनं माझ्याकडनं पाय चोळून घेतलासा, ते इसरलासा व्हय?"

"इसरायला मी काय तुझा नवरा हाय?" आण्णा म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळले. "बाई, टपालाचं मत काय असतंय ते मला इचारा. फौजेतल्या पोरांची पाकिटं मी वाहिल्यात. मोजणी सुरू व्हायच्या आत पोचलं तर मत, न्हाईतर नुसता कागद. एका पोराचं पाकीट येळानं आलं, तर मी सायकल मारत तालुक्याला गेलतो, चौदा मैल. टपालाच्या मताला पाय नसत्यात. त्याला दुसऱ्याच्या पायांनी जायला लागतंय."

"मग मी आहे ना."

आण्णांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी हायसा म्हणून सही करतो. तुमी व्रतवैकल्याच्या बाई. तुमच्या जिभेवर माझा भरवसा हाय."

मला ते बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

गावात माझी तशी ख्याती होतीच. पहाटे थंड पाण्यानं आंघोळ, तुळशीला अकरा प्रदक्षिणा, सुट्टीच्या दिवशी दुपारच्या नैवेद्यापर्यंत मौन, सोमवारी एकवेळ. मोठ्यानं बोलणं मला कधी जमलं नाही. माझा आवाज शेजारच्या घरात जात नाही, असं बायका कौतुकानं म्हणत. त्या वर्षी मी लक्षवातीचा नेम धरला होता. वर्षभर रोज तीनशे वाती हातानं वळायच्या, शंभर-शंभराच्या जुड्या बांधायच्या आणि त्रिपुरी पौर्णिमेला तुपात भिजवून देवापुढे लावायच्या. लाखाला एक कमी चालत नाही. शेवटचे तीन दिवस सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत पूर्ण मौन, असं मीच ठरवून घेतलं होतं. अंगणवाडीतून तीन दिवसांची रजाही काढली होती. आणि नेमकी निवडणूक पौर्णिमेनंतर पाचव्या दिवशी आली. चिठ्ठ्या वाटता वाटता वाती मागे पडल्या.

पहिली फेरी सोमवारी झाली. ती मंगळवारी व्हायची होती, पण टीमला वाटेवरच्या दुसऱ्या गावाचं काम लवकर आटोपलं आणि ती एक दिवस आधीच आली. आण्णा तालुक्याला डोळ्याच्या डॉक्टरकडे गेले होते. तिथून परतल्यावरच ते अंगणवाडीच्या पायरीवर आले आणि मला आदल्या दिवशी सांगायला बजावून गेले.

दुसऱ्या फेरीचा दिवस नंतर कळणार होता. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक चौगले सर बीएलओंवर पर्यवेक्षक होते. त्यांचा मेसेज यायचा, की मी जाऊन सांगायचं, असं ठरलं.

मेसेज गुरुवारी आला. 'उद्या सकाळी अकरा वाजता श्री. मगदूम. मतदारास आजच कळवणे.' माझं मौन चालू होतं. मौनात मी फोन देवघराच्या कोनाड्यात पालथा ठेवते. शिवाय आमच्याकडे रेंजचा भरवसा नाही. तो मेसेज मी पाहिला तो शुक्रवारी, जीप दारात आल्यावर. घरात मी ह्यांना तरी असंच सांगितलं.

शुक्रवारी पावणेअकराला चौगले सर अंगणात उभे. "बाई, चला. टीम आलीय."

मी मांडीवरचं सूप खाली ठेवलं. हाताला कापूस चिकटलेला तसाच. जीपमध्ये मागे बसून मी दोन गल्ल्या ओलांडून आण्णांच्या घरी गेले. दाराला कुलूप.

शेजारची म्हातारी बोचकं घेऊन लेकीच्या गावी निघाली होती. ती म्हणाली, "सगळी नदीकाठच्या देवळाला गेल्यात. पुनव हाय न्हवं आज. सांजच्याला येतील."

टीमचे साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "अजून चार गावं आहेत. दहा मिनिटं थांबतो." कॅमेरावाल्यानं कुलपाचं चित्रीकरण केलं. पोलिसानं तुळशीजवळ सावली बघितली.

चौगले सर माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "बाई, कळवलं होतं ना काल?"

माझं मौन होतं. मी मान हलवली.

"कळवलं होतं, सर," ते साहेबांना म्हणाले. साहेबांनी पंचनामा लिहिला. 'पूर्वसूचना देऊनही मतदार दुसऱ्या वेळी घरी आढळले नाहीत.' खाली चौगले सरांनी सही केली, मग मी केली. कापसाचा एक तंतू कागदावर राहिला, तो साहेबांनी फुंकून टाकला.

त्या संध्याकाळी माझ्या लाख वाती पूर्ण झाल्या. देवळात बायकांनी माझ्या पायांवर पाणी घातलं. आण्णा कुठंतरी मागे उभे होते, मला दिसले. गर्दी होती हे निमित्त झालं. मी मागच्या दारानं बाहेर पडले. पुढचे चार दिवस मी त्यांची गल्ली टाळून लांबच्या वाटेनं ये-जा केली.

मतदान बुधवारी होतं. शाळेच्या व्हरांड्यात माझं टेबल होतं. यादीत नाव शोधून द्यायचं, खोली दाखवायची. त्या दिवशी सकाळच्या मौनाची सूट मी स्वतःच स्वतःला दिली होती, सरकारी काम म्हणून. शेजारच्या टेबलावर चौगले सर होते. उमेदवारांच्या माणसांत सुबराव होता. त्याची जीभ कायम सुटलेली.

साडेनऊच्या सुमाराला आण्णा आले. गुळगुळीत दाढी, पांढरं धोतर, डोक्याला टोपी. सोबत कुणी नाही. पायऱ्या एकेक करून चढले आणि रांगेत शेवटी उभे राहिले. लोक म्हणाले, "आण्णा, पुढं व्हा." ते म्हणाले, "माझा नंबर आल्याव हुईन."

मी यादीत डोकं घालून बसले.

थोड्या वेळानं आत आवाज झाला. मग केंद्राध्यक्ष आण्णांना धरून बाहेर आले. परगावचे होते, नम्र माणूस. "बीएलओ मॅडम, या आजोबांच्या नावापुढे टपाली मताची खूण आहे. मला इथं मत देऊ देता येत नाही. ते म्हणतात, घरी कुणी आलंच नाही."

"एकदा आलते," आण्णा म्हणाले, "तवा मी डोळ्याला गेलतो. दुसऱ्या वक्ताला आदल्या दिवशी सांगतो म्हणाल्यात बाई. तर कोण आलंच न्हाई. म्हटलं फॉर्म कुटंतरी गहाळ झाला असंल. कागद गहाळ हुत्यात. म्हणून आलो."

चौगले सर उठले. "आले होते, आण्णा. पौर्णिमेला सकाळी अकराला. तुमच्या दाराला कुलूप होतं. पंचनामा झालाय. बाईंची सही आहे त्यावर."

आण्णा माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसतं विचारणं होतं, पोस्टमन दारात उभा राहून नाव विचारतो तसं.

"पुनवेला आलते, बाई?"

"हो."

"मग तुमी सांगितलं न्हाईसा?"

रांगेत तीस-चाळीस माणसं होती. माझ्या वातींना हात लावून गेलेल्या बायका होत्या. चौगले सर माझ्याकडे बघत होते.

"सांगितलं होतं, आण्णा," मी म्हटलं. "आदल्या दिवशी येऊन सांगितलं होतं."

मी हळूच बोलले, नेहमी बोलते तशी. तरी सगळ्यांना ऐकू गेलं. माझ्या बोलण्याच्या वेळी लोक गप्प होत असत.

सुबराव म्हणाला, "आण्णा, सकाळी न्याहारी केलासा का, तेवढं तरी ध्यानात हाय न्हवं?"

रांग हसली. वाईट हसू नव्हतं ते, घरच्या म्हाताऱ्याला हसतात तसं होतं.

आण्णा हसले नाहीत. त्यांचे ओठ हलत होते. ते गुरुवारचा दिवस आठवत होते. मी अगदी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. "बेस्तरवार... सांजच्याला गिरणीत गेलतो... तितनं देवळात... बाई कवा आलत्या..." दोनदा त्यांनी तेच म्हटलं. मग त्यांचा हात टोपीकडे गेला आणि तिथंच राहिला.

"बाई म्हणत्यात म्हंजे सांगितलंच असणार," ते केंद्राध्यक्षांना म्हणाले. "बाई खोटं बोलत न्हाईत. माझ्याच ध्यानातनं गेलं. साहेब, चूक माझी हाय."

त्यांनी साहेबांना हात जोडले, मला जोडले, आणि पायऱ्या उतरून गेले. उतरताना त्यांनी खाली पाहिलंच नाही. पडतील असं मला वाटलं, पण मी खुर्चीवरून उठले नाही.

त्या मेसेजचं आता खरं सांगते.

रेंज होती. फोन कोनाड्यात पालथा होता, पण गुरगुरला तसा मी उचलला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी मेसेज पूर्ण वाचला, दोनदा वाचला. आण्णांचं घर माझ्यापासून दोन गल्ल्यांवर. मौन होतं तर पाटीवर लिहून नेता आलं असतं. हे ओट्यावर पेपर वाचत बसले होते, त्यांच्या हातात फोन दिला असता तरी झालं असतं. पण आठशे वाती उरल्या होत्या. आण्णांकडे गेलं की ते बसवून घेणार, सरोजा चहा ठेवणार, फौजेतल्या पाकिटांची गोष्ट निघणार, तास मोडणार. दिवे लागल्यावर मौन सुटेल, तेव्हा जाऊ, असं मी ठरवलं. दिवे लागले. मौन सुटलं. मी ह्यांना वाढलं आणि परत कापूस घेऊन बसले. सकाळी जाऊ, अकरापर्यंत वेळ आहे, असं म्हणत. सकाळी साडेआठला आण्णांची मंडळी देवळाला निघाली तेव्हा मी तुळशीला प्रदक्षिणा घालत होते. सातवी का आठवी होती. गल्लीच्या तोंडाशी त्यांचा टेम्पो मला दिसला. प्रदक्षिणा मध्ये तोडायची नाही म्हणून मी थांबले नाही.

एवढंच आहे ते. कुणाचा दबाव नव्हता, कुणाशी वैर नव्हतं.

निवडणूक झाली, निकाल लागला, गुलाल उडाला. मी रोजचं सगळं करत होते. फक्त संध्याकाळी देवापुढे हात जोडले की मला माझाच आवाज ऐकू यायचा, 'आदल्या दिवशी येऊन सांगितलं होतं.' मी स्वतःला समजवत होते, की एक मत गेलं, त्यानं कुणी पडलं नाही, कुणी निवडून आलं नाही, आण्णा विसरूनही गेले असतील.

महिन्याभरानं मला त्यांच्या घरी जावंच लागलं. सरोजाची सून गरोदर होती, तिची पोषण आहाराची पाकिटं द्यायची होती. आठवड्याभराची टाळाटाळ करून शुक्रवारी सकाळी गेले.

सरोजानं दारातच हात धरला. "बरं झालं आलासा, बाई. मामंजींच्याकडं बघा जरा. तुमचं ऐकतील. दोन येळ जेवत न्हाईत."

"काय झालंय?"

"काय व्हायचं? डोकं चाललं न्हवं त्यांचं. त्या मतदानापास्नं कळलं. आता एकटं सोडत न्हाई आमी. ह्यांनी त्यांचं शेताकडं जायचं बंद केलंय, बँकेचं पुस्तक काढून घेतलंय. सोमवारी कोल्हापूरला डोक्याच्या डाक्टरला दाखवायचंय. त्यांच्या थोरल्या भावाचंबी असंच झालतं. शेवटी सोताच्या पोराला वळकत न्हवते. मामंजींनीच त्यांचं हगणंमुतणं काढलं तीन वर्सं. त्येच भ्या घेतलंय त्यांनी."

माझ्या हातातली पाकिटं तिनं घेतली. मी आत गेले.

आण्णा खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली. खाटेशेजारच्या भिंतीवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, भिंत भरून. पोस्टमनचं वळणदार अक्षर, एकेका ओळीचं. 'दूध घेतलं, ७ वाजता.' 'सरोजा माहेरी. उद्या येणार.' 'आज शुक्रवार.' 'डाव्या डोळ्यात थेंब घातले.' आणि उशापाशी, सगळ्यांत मोठ्या अक्षरात, 'कुणी निरोप दिला तर लगेच लिहिणे.'

"या, बाई," ते म्हणाले. "तुमी आलासा ते लिवून ठेवतो." आणि खरंच पेन्सिल शोधायला लागले.

मी त्यांचा हात धरला. "आण्णा, लिहू नका. मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं."

"काय?"

"पौर्णिमेचा निरोप. मी तुमच्याकडे आलेच नव्हते. मेसेज मला मिळाला होता. मी वाती वळत बसले. शाळेत मी खोटं बोलले."

त्यांनी पेन्सिल शोधायचं सोडलं. बाहेर सरोजा सुनेला काहीतरी सांगत होती.

"परत सांगा," ते म्हणाले.

मी परत सांगितलं.

"म्हंजे मी इसरलो न्हाई?"

"नाही, आण्णा."

"बेस्तरवारी सांजच्याला मी गिरणीत गेलतो. तितनं देवळात. तितनं घरात. तुमी आलाच न्हाईसा."

"नाही आले."

ते उठले. भिंतीवरची एक चिठ्ठी त्यांनी ओढून काढली. मग दुसरी. मग दोन्ही हातांनी, जशा येतील तशा. चुन्याचे पोपडे पडायला लागले. सरोजा धावत आत आली.

"मामंजी, काय करतासा वो हे?"

"माझं डोकं जाग्याव हाय, पोरी!" आण्णा म्हणाले. हसत होते आणि गालांवरून पाणी चाललं होतं. "बाईंनी सांगितलंय! जाग्याव हाय!"

सरोजा माझ्याकडे बघायला लागली. मी तिलाही सांगितलं. तिनं पदर तोंडाशी धरला. "बाई," एवढंच म्हणाली, आणि तिच्या त्या एका 'बाई'त सगळं आलं. मग ती म्हणाली, "आमी त्यांना कुलपात घालायला निघालतो, बाई. तुमच्या एका शब्दाव."

आण्णा खाटेवर टेकले. हातात चिठ्ठ्यांचा चुरगळा होता. हसू कधी गेलं ते कळलं नाही.

"एक म्हैना," ते म्हणाले. "सकाळी उठून आरशाम्होरं मी सोताचं नाव म्हणत हुतो, बाई. आण्णाप्पा भरमू मगदूम. पोरांची नावं म्हणत हुतो. सात गावांची घरं म्हणत हुतो वळीनं. समदी येत हुती. तरीबी म्हणत हुतो, हे येतंय खरं, पर बाई आल्या त्ये कसं गेलं?"

मी खाली वाकले. त्यांनी पाय वर ओढून घेतले.

"पाया पडू नका. पाया पडलं की मानसाला माफ करायला लागतंय. मला आत्ता करायचं न्हाई."

मी तशीच जमिनीवर बसून राहिले. त्यांनी पाणी मागितलं, सरोजानं दिलं. मला कुणी दिलं नाही.

"माझं मत गेलं त्ये गेलं," ते शेवटी म्हणाले. "त्ये काय परत येत न्हाई. पर मी शाळेच्या पायऱ्या उतरलो त्ये येडा हून उतरलो. गावानं बघितलं. तुमी हितं कोपऱ्यात येऊन माझ्या कानात सांगितलासा. जितं बोललासा, तितं बोला."

"शाळेत?"

"परवा ऐतवारी धाला ग्रामसभा हाय. शाळंतच हाय. सुबराव असतोय. चौगले सर असत्यात. तितं बोला. आनि मोठ्यानं बोला. त्या दिशी हळू बोललासा, तरी समद्यांना ऐकू गेलं. आता मोठ्यानं बोललासा तरी निम्म्यांनाच जाईल."

"बोलेन, आण्णा."

"बगू," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

शनिवारी मी चौगले सरांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शाळेचं दार लोटून घेतलं. "बाई, पंचनाम्यावर माझीही सही आहे. मी तुमच्या मान हलवण्यावर केलेली. तुम्ही तिथं बोललात की तुमचं काम जाईल, मला नोटीस येईल. म्हाताऱ्याला कळलं ना? त्याच्या घरच्यांना कळलं? मग पुरे झालं. देवाची माफी मागा आणि गप्प बसा. तुम्हाला ते जमतं."

शेवटचं वाक्य त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नसावं. मला ते दिवसभर पुरलं.

रविवारी सकाळी मी ओट्यावर चप्पल घालत होते. हे पेपरमधून मान वर करून म्हणाले, "आज कुठं?"

"शाळेत. ग्रामसभेला."

"तू? ग्रामसभेला?" मग त्यांच्या लक्षात आलं. आदल्या रात्री मी त्यांना सगळं सांगितलं होतं. ते पेपरची घडी घालत बसले. "सतरा वर्षांचं काम आहे, शालन. पोरं तुला आई म्हणतात."

"हो."

"जाणारच?"

"दार पुढं करून घ्या. मांजर आत जातं."

मी नेहमीची लांबची वाट घेतली नाही. आण्णांच्या गल्लीतून गेले. ते दारात घोंगडीवर उन्हाला बसले होते. सरोजा अंगणात धुणं वाळत घालत होती. ती थांबली. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं, 'या' म्हणाले नाहीत, मीही थांबले नाही. चार पावलं पुढे गेल्यावर मागून त्यांचा आवाज आला, माझ्यासाठी नसलेला.

"सरोजा, धा वाजाया किती कमी हायत बघ."

"पंधरा मिन्टं, मामंजी."

"मग माझी काठी दे. आनि तूबी चल."

मी मागे वळून पाहिलं नाही. पदर खांद्यावरून नीट घेतला आणि शाळेच्या चढाला लागले.